चाखणे आणि पिणे

मार्गशीर्ष लागला की आमच्या गांधीबागेतील चिकित्सालयात दरवर्षी एक प्रश्न न चुकता येतो. विचारणारे गृहस्थ बहुधा कापड बाजारातले व्यापारी असतात, क्वचित बँकेतील अधिकारी, तर क्वचित मुलाकडे पुण्याला महिनाभर राहून आलेले सेवानिवृत्त शिक्षक. नाडी, जिव्हा, मागील औषधाचा गुण ही सर्व चौकशी आटोपते, पुड्या बांधून होतात आणि खुर्चीवरून उठता उठता आवाज थोडा खाली आणून ते म्हणतात, "डॉक्टरसाहेब, थंडीच्या दिवसांत थोडी वाइन घेतली तर चालते नं? आपल्या आयुर्वेदातही सांगितलं आहे म्हणतात."

नाताळ ते नववर्ष हा काळ आता नागपुरातही सुट्टीचा आणि मेजवानीचा झाला आहे. कोणी नाशिकची सहल करून येतो आणि दोन बाटल्या सोबत आणतो. कोणाचा जावई पुण्याच्या क्राफ्ट बिअरचे वर्णन करतो. प्रश्न विचारणारा मद्यासक्त नसतो. तो सभ्य, कुटुंबवत्सल माणूस असतो आणि त्याला आपल्याकडून संमती हवी असते. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही.

आम्ही पाहतो की आपल्या व्यवसायात या प्रश्नाची दोनच उत्तरे रूढ आहेत. पहिले उत्तर असे की शास्त्रात मद्य सर्वथा निषिद्ध आहे. हे उत्तर खरे नाही आणि ज्याने चरकसंहितेचे मराठी भाषांतर चाळले आहे असा रुग्ण ते ऐकून मनात हसतो. दुसरे उत्तर असे की वाइन म्हणजे आपले द्राक्षासवच, हेमंतात घ्यायला हरकत नाही. हे उत्तर पहिल्याहून अधिक घातक आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तिसऱ्या उत्तराचा विचार करू इच्छितो. त्या उत्तराचा संबंध जितका रुग्णाच्या पेल्याशी आहे, तितकाच आपल्या कपाटातील बाटल्यांशी आहे.

शास्त्र काय सांगते

आपल्या संहितांनी मद्याचा विषय कधीही टाळला नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात धान्य, फळ, मूळ, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वचा आणि शर्करा अशा नऊ योनींपासून होणारी ८४ आसवे मोजली आहेत. त्यांत फळांची २६ आहेत आणि मृद्वीका, म्हणजे द्राक्ष, त्यांत आहे. त्याच अध्यायात श्रेष्ठ द्रव्यांची व भावांची जी प्रसिद्ध यादी येते, तीत मन प्रसन्न करणाऱ्यांमध्ये मद्याला अग्रस्थान दिले आहे. रुग्णाला एवढेच कोणीतरी सांगितलेले असते. पण त्याच यादीत धी, धृती व स्मृती यांचे हरण करणाऱ्यांमध्येही मद्याच्या अतिरेकालाच अग्रस्थान आहे. एकाच आचार्याने एकाच यादीत दोन्ही विधाने केली आणि त्यांपैकी एकही मागे घेतले नाही. आपण मात्र सोयीनुसार एक उचलतो आणि दुसरे झाकतो.

ऋतुचर्येचेही तसेच आहे. हेमंतात शीताने कोंडलेला अग्नी बलवान होतो, म्हणून स्निग्ध, मधुर, अम्ल, लवण अन्न सांगितले आहे आणि त्या अन्नानंतर मदिरा, सीधू, मधू यांचे अनुपान सांगितले आहे. येथे 'अनु' हा उपसर्ग महत्त्वाचा आहे. अन्न आधी, मद्य नंतर आणि तेही अन्नाच्या पचनासाठी. वाग्भटाने हेमंतचर्येचा जो क्रम दिला आहे, त्यात आधी अभ्यंग येतो, मग मस्तकावर तेल, मग अर्ध्या शक्तीपर्यंत व्यायाम व कुस्ती, मग स्नान, मग भोजन आणि त्यासोबत गुळाचे मद्य व सुरा. आमच्या रुग्णाने अभ्यंग केलेला नसतो, तो व्यायाम करीत नाही, दिवसभर गादीवर बसतो, रात्री दहा वाजता तळलेले खातो आणि या दीर्घ दिनचर्येतील शेवटचा एकच शब्द शास्त्राधार म्हणून उचलतो. आधीच्या अटी गाळून शेवटची सवलत तेवढी घ्यायची, याला ऋतुचर्या म्हणता येणार नाही.

तोच वाग्भट ग्रीष्मात मद्य पिऊच नये, प्यायचेच झाले तर अत्यल्प प्यावे किंवा भरपूर पाणी घालून प्यावे, असे सांगतो; नाही तर शोष, शैथिल्य, दाह व मोह होतो. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या शहरातील वैद्याने हे वाक्य हेमंतातील वाक्याइतक्याच मोठ्याने सांगितले पाहिजे. हिवाळ्यात लागलेली सवय होळीला आपोआप सुटत नाही.

आणखी एक बारकावा. मद्यवर्गात सर्व मद्ये एका मापाने मोजलेली नाहीत. द्राक्षाचे मार्द्वीक हृद्य, फार उष्ण नसलेले असे वर्णिले आहे, तर यवाची सुरा गुरू, रूक्ष, विष्टंभी आणि त्रिदोषकर म्हटली आहे. आजची बिअर यवापासूनच होते. तीत कडूपणासाठी हॉप्सची फुले असतात, ती आपल्या यवसुरेत नव्हती, म्हणून दोन्ही एकच असे आम्ही म्हणणार नाही. पण रात्री बिअर पिऊन सकाळी पोट फुगले, मलावष्टंभ झाला अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला हे वर्णन वाचून दाखवावे. तो चकित होतो.

महाराष्ट्रात काय घडले

हा विषय आता परदेशातला राहिलेला नाही. नारायणगावच्या परिसरात १९८०च्या दशकातच द्राक्षांपासून फसफसणारी वाइन तयार होऊ लागली होती. नाशिकला सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक, दिंडोरी, सांगली या भागांत वाइनरी उभ्या राहिल्या. २००५ साली सुलाने गंगापूर धरणाच्या परिसरातील आपल्या मळ्यात वाइन चाखण्याचे दालन सुरू केले. युरोपात द्राक्षांची तोडणी शरदाच्या सुमारास होते. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात होते. म्हणून नाशिकचा हंगाम आणि हिवाळ्याची सहल यांची गाठ आपोआप पडली.

बिअरची कथा याहून अलीकडची. पुण्यात २००९ साली डूलाली ही लहान भट्टी सुरू झाली आणि थोड्या प्रमाणात, ताजी, वेगवेगळ्या धान्यांची व फळांची बिअर करण्याचा प्रघात पडला. यालाच क्राफ्ट बिअर म्हणतात. पुण्यातच पुढे मधाचे किण्वन करून पेय बनवणारी मूनशाइन मीडरी आली. मधाचे मद्य आपल्या संहितांना नवे नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्याला अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय मागे पडला. पण त्या वादाच्या निमित्ताने "वाइन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य घरोघरी पोहोचले आणि आमच्या चिकित्सालयातील प्रश्नाला एक नवा आधार मिळाला.

चाखण्याचे दालन

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने आम्ही नाशिकला गेलो असता, सोबतच्या वैद्यमित्रांच्या आग्रहावरून अशा एका दालनात गेलो. खरे सांगायचे तर मनात कुतूहलापेक्षा अढी अधिक होती. परंतु तेथे जे पाहिले, त्याने आम्हाला विचारात पाडले.

एका लांब टेबलावर काचेचे पेले मांडले होते. प्रत्येकात सुमारे ३० मिलिलिटर वाइन, म्हणजे आपल्या दोन मोठ्या चमच्यांएवढी. समजावून सांगणारी तरुणी प्रथम पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग व निर्मळता पाहायला सांगे. मग पेला हलकेच फिरवून गंध घ्यायचा. मग एक लहान घोट जिभेवर सर्वत्र फिरवायचा, थोडी हवा आत ओढायची आणि काय जाणवते ते शब्दांत सांगायचे. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर अम्लता. हिरड्या आखडल्यासारख्या झाल्या तर टॅनिन, म्हणजे आपला कषाय रस. घशाशी ऊब वाटली तर अल्कोहोल. आणि टेबलाच्या टोकाला एक पिकदाणी ठेवलेली होती. जे व्यवसायाने वाइन पारखतात, ते घोट गिळत नाहीत, थुंकतात. दिवसाला पन्नास-साठ वाइन पारखणारा माणूस गिळू लागला तर दुपारी त्याची जीभ आणि बुद्धी दोन्ही कामातून जातील.

तिने एक बाटली उघडली, वास घेतला आणि बाजूला ठेवून दिली. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, "सर, ही थोडी व्हिनेगरकडे गेली आहे. ही आम्ही पाहुण्यांना देत नाही."

रस, गंध, स्पर्श, वर्ण यांनी द्रव्य ओळखायचे, ते शब्दांत मांडायचे आणि बिघडलेले निःसंकोच बाजूला काढायचे, ही परीक्षा आमच्या गुरुजनांनी आम्हाला रसशास्त्र-भैषज्यकल्पनेच्या वर्गात शिकवली होती. षड्रसांची भाषा आपली आहे. ती भाषा दुसऱ्यांकडून इतक्या शिस्तीने वापरली जाताना पाहून आनंदही झाला आणि थोडी शरमही वाटली. शरमेचे कारण पुढे येईल.

मापाचा हिशेब

त्याच टेबलावर दुसरेही एक दृश्य होते. पाहुण्यांपैकी बहुतेकांनी पिकदाणीकडे पाहिलेसुद्धा नाही. पाच पेले गिळले की १५० मिलिलिटर होतात, म्हणजे एक पूर्ण ग्लास. चाखायला आलेला माणूस नकळत पिऊन जातो. चाखणे आणि पिणे यांतील सीमा इतकी पातळ आहे.

हा हिशेब वैद्याने मनात पक्का ठेवावा. १३ टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम आणि तीच बाटली ८ टक्क्यांच्या तीव्र बिअरची असेल तर सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे "फक्त बिअर" म्हणणाऱ्याने वाइनचे पावणेतीन ग्लास घेतलेले असतात. याउलट ८ टक्के अल्कोहोल असलेले द्राक्षासव २० मिलिलिटर समभाग पाण्यातून दिवसातून दोनदा घेतले, तर पोटात जाणारे अल्कोहोल अडीच ग्रॅमच्या आसपास असते. दोघांचे मूळ द्राक्ष आहे, दोघांत किण्वन आहे. पण एक औषध मात्रेने दिले जाते आणि दुसरे पेय इच्छेने घेतले जाते. "वाइन म्हणजे द्राक्षासवच" असे म्हणणाऱ्याने मात्रा हा शब्दच गाळलेला असतो. आणि मात्रेविना आयुर्वेद राहत नाही.

आधुनिक विज्ञानाचे म्हणणेही आपण लपवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्या संघटनेने स्पष्टपणे सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही. थंडीत मद्याने ऊब येते हाही समज अपुरा आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या विस्तारतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीरातील उष्णता बाहेर जाते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर आले होते. अशा रात्री गच्चीवर पेला घेऊन बसणाऱ्या वृद्धाला ही "ऊब" महागात पडू शकते. तीळ, गूळ, डिंकाचे लाडू, तेलाचा अभ्यंग आणि सकाळचे ऊन हे हेमंताचे खरे उष्णोपचार आपल्या दाराशी आहेत.

मग जो माणूस घेणारच आहे, त्याला काय सांगावे? आम्ही असे सांगतो : शास्त्राची संमती आमच्याकडे मागू नका, कारण ज्या अटींवर ती दिली आहे त्या तुम्ही पाळत नाही. तरीही घेणार असाल तर पोटात स्निग्ध अन्न असू द्या, एका ग्लासावर थांबा, सावकाश चाखत घ्या, रोज घेऊ नका आणि त्यानंतर वाहनाला हात लावू नका. गर्भिणी, यकृताचे रुग्ण, मधुमेहासाठी इन्सुलिन वा रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, मेट्रोनिडॅझोल चालू असलेले आणि ज्यांच्या घरात व्यसनाचा इतिहास आहे असे लोक यांना आमचे उत्तर एकच असते : नाही. पित्तप्रकृतीच्या, अम्लपित्ताने त्रस्त माणसालाही तेच. चरकाने मदात्ययाच्या अध्यायात मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध मांडले आहेत. हे कोष्टक आम्ही कागदावर काढून टेबलावर ठेवले आहे. उपदेशापेक्षा ते कोष्टक अधिक काम करते.

आपल्या कपाटातील बाटली

आता शरमेचे कारण. नाशिकहून परतल्यानंतर त्याच हिवाळ्यात महालकडील एक आजीबाई आमच्याकडे द्राक्षारिष्टाची बाटली परत घेऊन आल्या. दहा दिवसांपूर्वी आम्हीच ती दिली होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मागच्या खेपेले गोड होतं. हे तं आंबून गेलं हो. तुम्ही सोता चाखून पाहा बरं."

आम्ही चाखले. ते अरिष्ट राहिले नव्हते. मद्य बिघडून आंबट झाले की शार्ङ्गधराने त्याला चुक्र म्हटले आहे, तेच ते होते. त्या खोक्यातील आणखी चार बाटल्या आम्ही उघडून पाहिल्या, त्यांपैकी दोन तशाच निघाल्या. निर्मात्याचा दोष किती, वाहतुकीचा किती आणि मागील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली खोके ठेवणारे आम्ही किती, हे ठरवणे कठीण. पण एक गोष्ट ठरवायला कठीण नव्हती. नाशिकची ती तरुणी पाहुण्याला पेला देण्यापूर्वी वास घेते आणि आम्ही एका क्षीण वृद्धेला औषध देताना तेवढेही केले नव्हते. ती पारखत होती मौजेचे पेय. आमच्या हाती होते औषध.

आपल्यापैकी किती जण आसवारिष्टाची नवी खेप आल्यावर तिची एक बाटली उघडून पाहतात? आमच्या पिढीतील अनेक वैद्य स्वतः संधान घालीत. तुपाने आतून माखलेले पात्र, अनुक्तमानात द्रोणभर द्रवाला तुलाभर गूळ, त्याच्या निम्मे मध, दशमांश प्रक्षेप आणि धायटीची फुले. पात्राला कान लावून बुडबुड्यांचा नाद ऐकायचा, तोंडाशी जळती काडी धरायची. ती विझली तर संधान चालू आहे, जळत राहिली तर पूर्ण झाले. हेमंतात संधानाला ग्रीष्माहून अधिक दिवस द्यावे लागतात, हेही ठरलेले होते, कारण किण्व थंडीत मंदावते. ज्याने हे केले त्याला नासलेले अरिष्ट नाकानेच कळे. आज आपण तयार बाटल्या विकत घेतो. त्यात गैर काही नाही, पण नाक आणि जीभ आपण निर्मात्याकडे गहाण ठेवण्याचे कारण नाही.

आसवे जुनी झाली की गुणाढ्य होतात, हे शार्ङ्गधराचे वचन आपण दुकानात नेहमी ऐकवतो. आसवारिष्टांना नियमाने दहा वर्षांची मुदतही दिली आहे. परंतु ते वचन आणि ती मुदत नीट झाकलेल्या, भरलेल्या, योग्य जागी ठेवलेल्या पात्रासाठी आहे. वाइनचेही तसेच. बंद बाटली अंधारात, गार जागी वर्षानुवर्षे टिकते. तीच उघडी राहिली तर चार-पाच दिवसांत उतरते. हवेतील प्राणवायू मिळाला की जिवाणू अल्कोहोलचे आम्ल करतात. हा नियम फ्रान्समधील वाइनला, नाशिकच्या वाइनला आणि गांधीबागेतील अरिष्टाला सारखाच लागू आहे. दर्शनी काचेच्या कपाटात, दुपारच्या उन्हात रांगेने मांडलेल्या बाटल्या दुकानाची शोभा वाढवीत असतील, औषधाची मुदत मात्र घटवतात.

विक्रेत्यांची जबाबदारी

आपण कोणत्या भूगोलात व्यवसाय करतो, याचेही भान हवे. नागपूरच्या शेजारी वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती एप्रिल २०१५ ते मे २०२१ या काळात होती. अशा भागाला लागून असलेल्या घाऊक बाजारातून आसवारिष्टांचे खोके जातात. ते कोणाकडे जातात, कोणत्या प्रमाणात जातात, याकडे डोळेझाक करणे आपल्याला परवडणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा यांनी जो दावा लावला, त्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधांच्या वापरावरील बंधने रद्द ठरवली. आसवारिष्टे कायद्याच्या दृष्टीने मद्य न राहता औषध राहिली, ती या भेदामुळे. हा भेद आपल्या पेशाची मोठी ठेव आहे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र विक्री परवाना लागत नाही, हीही समाजाने आपल्यावर दाखवलेली श्रद्धाच आहे. आणि ही श्रद्धा किती सहज मोडते, ते नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात दिसले. आयुर्वेदीय आसव म्हणून विकल्या गेलेल्या बाटल्या नशेसाठी पिऊन तेथे माणसे दगावली. त्या बाटल्यांत खरे आसव होते की नाही, हा प्रश्न मृतांच्या कुटुंबीयांना नाही. वृत्तपत्रात नाव आले ते आसवाचे.

म्हणून, "आयुर्वेदिक वाइन" अशी पाटी वा असा तोंडी प्रचार जो विक्रेता नववर्षाच्या हंगामात करतो, तो दोन बाटल्या अधिक खपवतो आणि आपणा सर्वांची ही ठेव खर्ची घालतो.

सूचना

संघटनेच्या सभासदांपुढे आम्ही काही साध्या गोष्टी ठेवतो. त्यांना खर्च नाही.

पहिली, आसवारिष्टाची प्रत्येक नवी खेप आली की एक बाटली उघडावी. पेल्यात ओतून उजेडासमोर पाहावे, वास घ्यावा, चमचाभर जिभेवर फिरवून थुंकून टाकावे आणि तारीख, खेप क्रमांक, वर्ण, गंध, रस वहीत लिहावे. वर्षभरात ही वही आपल्या जिभेची गुरू होते. दुसरी, आंबलेली बाटली आढळल्यास ती संपूर्ण खेप बाजूला ठेवून निर्मात्यास लेखी कळवावे. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. तिसरी, खोके उन्हाळ्यात पत्र्याखाली वा दर्शनी काचेत ठेवू नयेत. चौथी, उघडलेल्या बाटलीचे झाकण घट्ट लावणे आणि ती महिनाभरात संपवणे हे रुग्णास स्पष्ट सांगावे. पाचवी, एका व्यक्तीस एका वेळी डझनावारी बाटल्या देऊ नयेत, मग तो कितीही ओळखीचा असो. सहावी आणि सर्वांत महत्त्वाची, अरिष्ट देण्यापूर्वी रुग्ण दारू सोडण्याचे औषध घेत आहे काय, हे विचारावे. डायसल्फिराम चालू असलेल्या माणसाला अश्वगंधारिष्टाची मात्राही भयंकर त्रास देऊ शकते आणि दोन वर्षे निग्रहाने दूर राहिलेल्याला त्या चवीने पुन्हा जुन्या वाटेवर नेऊ शकते. त्याला चूर्ण, वटी, घृत असे पर्याय आपल्याकडे विपुल आहेत.

राहिला मार्गशीर्षातला तो प्रश्न. आता आम्ही त्या गृहस्थांना पुन्हा खुर्चीवर बसवतो आणि हेमंतचर्या पहिल्या शब्दापासून सांगतो. अभ्यंग, व्यायाम, स्नान, अन्न आणि मग शेवटी त्यांचा तो एक शब्द. बहुतेक जण व्यायामापाशीच हसतात. एका व्यापाऱ्याने मात्र गेल्या थंडीत महिनाभर तिळाच्या तेलाने अभ्यंग केला, सकाळी गांधीबाग उद्यानात चालायला जाऊ लागला आणि पौषात येऊन म्हणाला, "ते वाइनचं राहूनच गेलं, डॉक्टरसाहेब." आम्ही त्याला तिळाची वडी दिली.

आणि आमच्या टेबलावर आता एक पांढरी बशी, एक काचेचा पेला व एक चमचा कायमचा ठेवलेला असतो. आजीबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांच्यासमोर बाटली उघडून आम्ही आधी स्वतः चाखले आणि मगच त्यांना दिली. त्यांनी फक्त मान हलवली. इतकी वर्षे व्यवसाय केल्यावर त्या मान हलवण्याचा जो आनंद झाला, तो आमच्या सभासद बंधुभगिनींनाही लाभावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.